भोकाचा डाइम

शनिवारी सकाळी आमच्या कॅरी गावातल्या बाकीच्या मराठी बायका योगाला जातात, मुलांना मराठी शाळेत सोडतात, नाहीतर निदान झोपून तरी राहतात. मी गुडघ्यांना पॅड बांधून दुसऱ्यांच्या अंगणातली माती उकरते. हे मी इतक्या जणांना समजावून सांगितलंय की आता मलाच कंटाळा आलाय. हो, मशीन घेऊन. हो, जुनी नाणी शोधायला. नाही, सोन्याचा हंडा सापडलेला नाही. आणि नाही, घरी सगळं ठीक आहे.

सुरुवात नवऱ्यामुळे झाली. बॅकयार्डात स्प्रिंकलर बसवताना त्याने लग्नाची अंगठी हरवली आणि चेहरा असा केला की जणू मीच लपवलीय. मी एका दिवसासाठी मेटल डिटेक्टर भाड्याने आणला. अंगठी शेवटी त्याच्याच जॅकेटच्या खिशात निघाली, तो भाग वेगळा. पण दरम्यान कुंपणापाशी मशीन वाजलं, मी खुरप्याने खणलं आणि मातीतून एक सेंट वर आला, मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असलेला. असा सेंट मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमचं घर नवीन, सगळी वसाहत नवी, झाडंसुद्धा बिल्डरने लावलेली. मग हा इथे आला कुठून? कुणाच्या खिशातून पडला? तो माणूस इथे काय करत होता? मशीन परत करायला गेले आणि येताना स्वतःचं विकत घेऊन आले.

मी नोकरीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि सापडल्या की त्यांच्या नाराज चेहऱ्यांसमोर मीटिंगमध्ये बसायचं. मातीत काही सापडलं तर कुणाची नाराजी नसते. मशीनच्या टोकाला एक गोल थाळी असते, ती जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवायची. खिळा असला की मशीन घुरघुरतं, कोल्ड्रिंकच्या कॅनची किल्ली असली की मधल्या सुरात कुरकुरतं, आणि चांदी किंवा तांबं असलं की स्वच्छ, उंच आवाज येतो. पण खाली नक्की काय आहे ते मशीन कधीच सांगत नाही. ते खणूनच बघावं लागतं, आणि खणायच्या आधीचं ते अर्धं मिनिट मला भारी आवडतं.

या छंदाचे नियम आहेत. मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. खणलेला खड्डा असा बुजवायचा की मालकालाही दिसू नये. आणि सापडलेलं नाणं घासायचं नाही. हा शेवटचा नियम मला कुणी आधी सांगितलाच नाही. पहिला सेंट अंगणातून घरात आणल्यावर मी तेच केलं जे माझ्या आईच्या कुठल्याही मुलीने केलं असतं. चिंच भिजवली, मीठ टाकलं आणि देवाचा तांब्या घासावा तसा तो लख्ख घासला. काय चमकला म्हणता! फोटो काढून, नाणी शोधणाऱ्यांचा जो क्लब मी नुकताच धरला होता, त्याच्या ग्रुपवर टाकला. क्लबातल्या एका निवृत्त गृहस्थांचा लगेच फोन आला. आवाज असा, की मला वाटलं कुणीतरी गेलं. "तू हे काय केलंस?" म्हणाले. जुन्या नाण्यावरचा तो तपकिरी थर म्हणजेच म्हणे त्याचं वय, आणि मी ते धुऊन टाकलं होतं. मी पण भांडले. म्हटलं, माझं नाणं आहे, मी त्याला आंघोळ घातली, एवढं काय झालं? फोन ठेवल्यावर मात्र जरा ओशाळले.

भेंडीवाल्या आजींची ओळखही भांडणातूनच झाली.

शनिवारी माती उकरून झाली की मी तशीच फार्मर्स मार्केटला जायची. तिथे एक ऐंशी पार केलेल्या ब्लॅक बाई टेबल लावून बसायच्या. उन्हाळ्यात भेंडी, थंडीत रताळी आणि त्यांच्या हातचा केक. दुकानातल्या भेंडीला काय चव असते? इथे सकाळी तोडलेली. मी टोपलीतली एक भेंडी उचलली आणि सवयीने तिचं टोक मोडून पाहिलं. कट्टकन मोडलं. मग दुसरीचं मोडलं.

"मोडलीस ना? आता ती तुझी," आजी म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या जणी येता आणि माझ्या भेंड्यांची शेंडी उडवून जाता. मागे राहिलेल्या मी कुणाला विकायच्या?"

मी म्हटलं, मॅम, आमच्याकडे भेंडी अशीच घेतात, कोवळी आहे की नाही ते कळायला नको? त्या म्हणाल्या, कोवळी आहे हे मी सांगतेय, मी लावलीय ती. मी म्हटलं, प्रत्येकच विकणारा तसं सांगतो. मागे रांगेतले लोक बघायला लागले. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत लाल माती, मनगटापर्यंत माती. "तू तर कंप्युटरवाली दिसतेस. हे हात कसले?"

मी सांगितलं. पिशवीत भेंडी भरता भरता त्यांनी विचारलं, "भोक पाडलेला डाइम सापडलाय कधी तुला?"

डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, आपल्या जुन्या चार आण्याएवढं. पूर्वी ते चांदीचं असायचं. भोक पाडलेलं नाणं क्लबातल्या लोकांच्या लेखी खराब माल, पण मी जवळजवळ ओरडलेच. "भोकाचा पैसा! अहो, माझ्या वडिलांच्या करदोट्यात होता! आमच्याकडे लहान मुलांच्या कमरेला काळा दोरा बांधतात, त्यात ओवायचे. दृष्ट लागू नये म्हणून."

आजींना माझे निम्मे शब्द कळले नसतील, पण मुद्दा बरोबर कळला. "आमच्याकडे पायात," त्या म्हणाल्या. "घोट्याला. दात सुखाने यावेत, आणि कुणाचं वाईट लागू नये." मग त्यांनी टेबलामागची दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी मी भेंडी घरी नेली तेव्हा दुपार टळली होती आणि नवऱ्याने पिझ्झा मागवला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. शहराबाहेर, आता जिथे नवी घरं होत चाललीत, तिकडे त्यांच्या वडिलांचं तंबाखूचं शेत होतं. त्यांना एक धाकटी बहीण होती, नुकती चालायला लागलेली. तिच्या पायात त्यांच्या आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, डाइम बांधला होता. भोक त्यांच्या आजोबांनी खिळ्याने पाडलं. पहिला घाव चुकला, नुसता खळगा पडला, मग त्याच्या शेजारी भोक पडलं. एक दिवस सहा वर्षांच्या या मोठ्या बहिणीने धाकटीला कडेवर घेऊन ओढ्यावर नेलं. पाण्यात पाय बुडवले की डाइम चमकायचा, म्हणून दोघी त्याच्याशी खेळल्या. दोरा भिजला. त्यानंतर एक-दोन दिवसांत धाकटीला ताप भरला, तो उतरलाच नाही, आणि ती गेली. तिला शेवटचे कपडे घालताना घरातल्या त्या आजीने पाहिलं, तर पाय मोकळा. तिने विचारलं, डाइम कुठाय? आणि या सहा वर्षांच्या पोरीने सांगितलं, माझ्याकडून ओढ्यात पडला.

"मारलं का?" मी विचारलं.

"नाही. मारलं असतं तर बरं होतं. कुणी काहीच बोललं नाही. ममा नुसती आत निघून गेली."

आता त्या घराचं काही उरलं नव्हतं. धाकटीचा फोटो कधी काढलाच नाही, थडग्यावर दगड नव्हता, आणि तिला पाहिलेलं जिवंत माणूस म्हणजे या एकट्या आजी. जमीन वाटण्या होत होत इतक्या वारसांच्या नावावर गेली होती की शेवटी सगळ्यांनी मिळून ती विकली. वसंतात बिल्डर ताबा घेणार होता, आणि ओढासुद्धा पाइपात घालणार होता. तोपर्यंत मात्र आजींना तिथे कुणी अडवणार नव्हतं.

"मला तो एकदा हातात धरायचाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून तिचं जे हरवलं ते मला परत उचलायचंय. बुलडोझरच्या आधी."

मी विचार न करता हो म्हणून बसले. जीभ माझी कायमच पुढे धावते.

उन्हाळा संपल्यावर, गोचीड आणि साप जरा कमी झाले तेव्हा आम्ही सुरुवात केली. मी आजींना घ्यायला जायची. त्या हॅट घालून, घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन तयार असायच्या. ओढ्याकाठी पाइनच्या सुया इतक्या साठलेल्या की आधी सगळं झाडावं लागायचं. खाली लाल चिकणमाती, थेट महाबळेश्वरची. खुर्ची सावलीत मांडून आजी बसायच्या आणि मी काय काय काढते ते त्यांच्या हातात द्यायची.

आणि काय काय निघालं! बरण्यांची झाकणं. खेचराचा नाल. बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं. खेळण्यातल्या ट्रकचं चाक. एक पितळी पट्टी निघाली, तिला ओळीने छोट्या खाचा, काही केल्या मला कळेना. आजींनी बोटाने माती पुसली आणि खुदकन हसल्या. त्यांच्या भावाचा माउथ ऑर्गन. तो वाजवायला लागला की वडील त्याला घराबाहेर हाकलायचे, म्हणून तो ओढ्यावर येऊन वाजवायचा. प्रत्येक वस्तूची अशी गोष्ट. मला ते इतकं आवडायचं की मधूनमधून मी डाइमच विसरायची, मग आजी थर्मासचं झाकण लावत म्हणायच्या, "चल हनी, अजून ऊन आहे."

पण डाइम काही निघेना. ओव्याच्या दाण्याएवढं छर्ऱ्याचं शिसं निघतं आणि अख्खा डाइम निघत नाही? मी ओढ्याशी भांडायला लागले, मोठमोठ्याने, मराठीत. क्लबातल्या त्या गृहस्थांना फोटो दाखवले. चिंचेचं प्रकरण त्यांनी माफ केलं होतं. ते म्हणाले, एवढ्या वर्षांत या ओढ्याने किती पूर पाहिले असतील, किती वेळा वाट बदलली असेल, तुझा डाइम कधीच वाहून गेला. मला ते पटलं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. आजींना मी यातलं काही सांगितलं नाही. पण त्यांना दिसत होतंच. त्या हळूहळू गोष्टी सांगायच्या बंद झाल्या. मी काही हातात दिलं की बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या. थंडी वाढली तसं मी त्यांना म्हटलं, तुम्ही घरी थांबा, मी एकटी जाते. "नको," म्हणाल्या, "मी असायला हवं."

घरी चिडचिड वाढली. लेक सुट्टीसाठी कॉलेजातून आली होती, ती म्हणाली, "मॉम, यू आर ऑब्सेस्ड." मी म्हटलं, हो आहे, मग? नवरा शहाणा. नुसता गाडीतल्या माझ्या सीटवर जुनी चादर टाकून आला.

मग एका रविवारी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. आईला माझा हा छंद मुळीच पसंत नाही. त्या मशीनच्या किरणांनी गुडघे जातात असं तिचं ठाम मत आहे. परदेशात राहून, इतकं शिकून, शेवटी माती उकरते, हे ती नातेवाइकांना सांगत नाही. त्या दिवशी मी वैतागून तिला सगळं सांगून टाकलं. डाइम, ओढा, धाकटी बहीण, सगळं. ती आधी पाच मिनिटं त्या पोरीसाठी हळहळली. मग म्हणाली, एखाद्या चांगल्या ज्योतिषाला विचार, दिशा तरी सांगेल. मी म्हटलं, आई, प्लीज.

"बरं बाई, राहिलं. पण तू ओढ्यात कशाला शोधत बसलीस?"

"ओढ्यात पडला म्हणून."

"पडताना कुणी पाहिला?"

मी फोन जरा जवळ धरला.

"पोरांच्या अंगावरचं काही जातं ते न्हाणीत जातं," आई म्हणाली. "तेलाचं अंग, वर पाणी, ओला दोरा. हातातून कधी निसटतं कळतसुद्धा नाही. तुझा वाळा नाही का गेला मोरीत? आणि तुझ्या लेकीचा? तो कुठे गेला?"

लेकीचा वाळा बाथटबच्या ड्रेनात गेला होता. मीच तिला बदामाचं तेल चोळून आंघोळ घालत होते आणि मला पत्ता लागला नव्हता. इथल्या प्लंबरला बोलावून, पायातला दागिना म्हणजे काय आणि तो तान्ह्या मुलीला कशासाठी, हे सगळं समजावून सांगावं लागलं होतं. हे मी विसरलेच कशी? आणि दुसरं म्हणजे, युझर जे सांगतो ते तसंच घडलेलं असतं असं नाही, हे मी ऑफिसात रोज घसा फोडून सांगते. इथे मात्र एका सहा वर्षांच्या घाबरलेल्या पोरीच्या शब्दावर मी अख्खा ओढा उकरला होता. मी आईला म्हटलं, आई, तू ग्रेट आहेस. ती म्हणाली, ते असू दे, गुडघ्यांना तेल लाव.

पुढच्या शनिवारी आजी गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "मॅम, बाळाला आंघोळ कुठे घालायचे?"

"घरामागे. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांपाशी. तिथे कपडे उकळायचं मोठं काळं भांडं असायचं, त्यातलं पाणी पत्र्याच्या टबात ओतायचं आणि एकेकाला उभं करायचं."

"अंगाला काही लावायचे?"

"चरबी. डुकराची. खोकला-ताप असला की छातीला आणि तळपायांना." माझा चेहरा बघून त्या कित्येक आठवड्यांनी हसल्या. "तुम्ही काय लावता?"

"बदामाचं तेल."

"अरे वा. श्रीमंत आहात."

घर कुठे होतं ते एरवी ओळखू आलं नसतं, नुसती झाडी माजली होती. पण फेब्रुवारी होता आणि पाइनच्या मधोमध डॅफोडिल्स फुलली होती, दोन सरळ ओळींत, पिवळीधमक. रानात कुणी अशा ओळी लावत नाही. आजी म्हणाल्या, ही ममाची फुलं, पुढच्या दाराच्या वाटेवरची. त्यांच्यामधून आम्ही सरळ चालत गेलो. चिमणीच्या विटांचा ढीग लागला. त्याच्या पलीकडे दोन चपटे दगड, अर्धे मातीत. स्वयंपाकघराच्या पायऱ्या.

दगडांच्या मागे मशीन ठेवलं आणि ते घुरघुरायला लागलं ते थांबेचना. घर पडताना त्यातले सगळे खिळे तिथेच पडले होते. मी मोठी थाळी काढून लहान बसवली आणि वीतवीतभर जमीन घेत गेले. एका ठिकाणी लाल माती संपून काळी, भुसभुशीत लागली. राख. कपडे उकळायच्या भांड्याखालची. तिथे थाळी उजवीकडे नेली की खिळ्याची घुरघुर, आणि डावीकडे आणली की तिच्या आड, अगदी बारीक, तो उंच आवाज. परत नेली. परत आला. आजींना काही बोलले नाही, उगाच आशा कशाला लावा.

खिळे निघाले, एक, दुसरा, वाकडा तिसरा. मग राखेच्या भिंतीत एक काळपट कड दिसली. मी खुरपं टाकलं आणि बोटांनीच माती सोडवली. लहानसं, करडं-काळं नाणं. त्यावर पंखांची टोपी घातलेल्या बाईचं डोकं, तिच्या मानेपाशी एक भोक, आणि भोकाशेजारी एक चुकलेला खळगा.

"अगं बाई गं!" मी किंचाळले. मराठीत किंचाळले, पण आजी खुर्चीतून उठल्या.

घासलं नाही, पुसलंही नाही, तसंच त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि अंगठ्याने तो खळगा चाचपला. मग मूठ मिटली आणि परत खुर्चीत बसल्या. मला रडू आलं. मी सरळ मातीत बसून रडले, आणि रडता रडता मला एकदम लख्ख कळलं की हे काय सापडलंय. मग मी बोलतच सुटले.

"मॅम, तुम्ही म्हणालात ना, ओढ्यावर तुम्ही त्या डाइमशी खेळलात? म्हणजे तेव्हा तो पायात होता. ताप नंतर आला. आणि हा इथे आहे, टबापाशी! म्हणजे ओढ्यावरून तो घरी आला होता. तिच्या पायातच होता. तापात तिला आंघोळ घातली असेल ना?"

"ताप उतरवायला," आजी म्हणाल्या. "गार पाण्याने. पुन्हा पुन्हा."

"बघा! अन्न जात नसेल, पाय बारीक झाले असतील, वर ती चरबी. दोरा निसटला. डाइम हरवला म्हणून ती आजारी पडली नाही, मॅम, ती आजारी पडली म्हणून तो हरवला. तुमच्याकडून काही पडलंच नव्हतं. कधीच!"

मोठा बग सापडल्यावर येतो तसला चेव मला आला होता. मला वाटलं आता त्या हसतील, रडतील, मला मिठी मारतील. त्यांनी माझं सगळं बोलणं होऊ दिलं. मग त्या दगडांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे ममाच्या हातून."

मी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

"आंघोळ ममाच घालायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही."

"अहो, पण तिचाही दोष नाही. डाइममुळे का कुणी जगतं-मरतं?"

"ते मला माहीत आहे, हनी. आज माहीत आहे. तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं."

मला राग आला. त्या मेलेल्या माणसांचा आला, जी मी कधी पाहिलीही नव्हती. एकानेही त्या पोरीला जवळ घेऊन म्हणू नये, की बाळा, तुझ्यामुळे नाही? मी तसं बोलूनच टाकलं. "एवढ्याशा पोरीवर सगळ्यांनी टाकलं आणि आयुष्यभर तसंच राहू दिलं. तुम्हाला राग नाही येत?"

आजींनी मूठ उघडून डाइमकडे पाहिलं.

"ममा नव्वदी ओलांडून गेली," त्या म्हणाल्या. "शेवटी तिला माझं नाव आठवायचं नाही. पण बाळाला भरवलं का, म्हणून रोज विचारायची. हा डाइम जर तेव्हाच, त्या राखेत तिला दिसला असता ना, तर आम्हा बाकीच्या पोरांना तिने परत कधी टबाजवळ येऊ दिलं नसतं. बरं झालं माझ्यावर आलं. मी सहा वर्षांची होते, मला खेळायला जायचं असायचं. मी मधूनमधून विसरायचे. ती विसरली नसती."